पानावरचं मीठ

माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये काय असतं ते आधी सांगते. कारण 'चांगुणामावशी स्वयंपाकाला असतात' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं टेम्पो येतो, गॅसची टाकी येते, कमरेइतकी पातेली येतात. माझ्याकडं त्यातलं काही नाही. एक लोखंडी तवा, एकात एक बसणारी तीन पातेली, परात, पळी, उलथनं, चाकू. मीठ, तिखट, हळद, मोहरी, तेलाची बाटली, थोडी तुरीची डाळ आणि गुळाचा खडा. तवा पाठीच्या बाजूला उभा बसवायचा, नाहीतर तो चालताना बरगडीत टोचतो आणि पातेल्यांवर आपटून सगळ्या गावाला सांगत सुटतो की बाई निघाली.

बाकीचं सगळं वाटेत मिळतं. पीठ त्या त्या गावच्या गिरणीतून, भाजी ज्याच्या रानाला मुक्काम त्याच्याच रानातून, दूध ज्याच्या गोठ्यात धार चाललेली दिसेल त्याच्याकडून. सकाळी वेलीवर होतं ते संध्याकाळी पातेल्यात. एवढंच माझ्या कामाचं गुपित, आणि ते मी कुणालाही सांगते.

बारामतीची वैशाली लोकांना नदीकाठानं चालायला नेते. सांगवीपासून निघायचं आणि नीरेच्या काठानं खाली खाली जायचं, थेट नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते तिथपर्यंत. आपलं ओझं आपल्या पाठीवर, मुक्कामाला तंबू, सकाळी पुन्हा चाल. पुण्याची माणसं जास्त असतात, पण आता आपल्या भागातलीही येतात. माझा धाकटा दीर अजून विचारतो, "वैनी, ही लोकं पायी जात्यात आन् वर पैसं देत्यात, असं कसं?" त्याचं तरी काय चुकलं? आमचं सगळं आयुष्य पायी गेलं आणि कुणी आमच्याकडं पैसे मागितले नाहीत.

आमची मेंढरं होती. पावसाळा सरला की वाडा कोकणाकडं निघायचा. वाडा म्हणजे घर नव्हे बरं का, वाडा म्हणजे मेंढरं, माणसं, कुत्री आणि सगळा संसार लादलेलं घोडं. रोज नवं रान, रोज नवी चूल. मी लग्न होऊन आले ती थेट वाटेवरच आले. सासूबाईंनी मला घर दाखवलं नाही, घोड्यावर तवा कुठं बांधायचा ते दाखवलं. पुढं मेंढरं विकली, मुलं एमआयडीसीत लागली, आम्ही सांगवीत स्थिर झालो. एक दिवस वैशाली जुन्या वाटा विचारायला घरी आली, माझ्या हातची भाकरी खाल्ली आणि वाटा विचारायच्या विसरली. तेव्हापासून मी तिच्याबरोबर जाते.

या कामात चूल हीच पहिली पंचाईत. आमच्याकडची जमीन काळी, दगड शोधून मिळत नाही. नदीतला दगड तर अजिबात घ्यायचा नाही, त्याच्या पोटात पाणी असतं, तापला की बंदुकीसारखा फुटतो. मग मी जमिनीत हातभर चर काढते, वाऱ्याच्या तोंडाला, आणि त्याच्यावर पातेलं ठेवते. दुसरं म्हणजे ऊस. उसाच्या फडाजवळ काडी ओढायची नाही. पाचटानं पेट घेतला तर पळायला वाट सापडत नाही. नांगरट असेल नाहीतर नदीचा मोकळा काठ असेल तिथंच बसायचं. जळणाला तुराट्या, बाभळीच्या फांद्या, कुणी दिल्या तर चार गोवऱ्या. तुराट्या भाकरीला, बाभूळ आमटीला. तुराटी भडकून जाते, बाभूळ बसून राहते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका साहेबांना भाकरीवर एकही डाग नको असायचा. मी म्हटलं, डाग नसलेली भाकरी म्हणजे कच्ची भाकरी. ते रोज डाग खरवडून खायचे आणि रोज एक भाकरी जास्त घ्यायचे. एका बाईंनी माझ्या हुलग्याच्या माडग्याचा फोटो काढता काढता ते गार करून टाकलं, मग म्हणाल्या, मावशी, हे जरा गरम करता का? करते की. लोकांना गरम जेवू घालायलाच तर मी पाठीवर तवा घेऊन चालते.

आता खरं सांगायचं ते निमगाव केतकीच्या बबनआण्णांचं.

बबनआण्णा आचारी. इंदापूर तालुक्यात ज्यानं त्यांच्या हातची लग्नातली आमटी खाल्ली नाही, असा माणूस तुम्हाला शोधावा लागेल. मी ती माझ्या भाचीच्या लग्नात खाल्ली होती, आणि आमटी राहू द्या, त्यांचं चाखणं मला जास्त लक्षात राहिलं होतं. मांडवामागं पातेली रटरटायची, हाताखालची पोरं बाजूला उभी राहायची. आण्णा पळीतला एक थेंब तळहातावर घ्यायचे, चाटायचे आणि डोळे मिटायचे. सगळे गप. मग आण्णा "हं" म्हणायचे, आणि पातेलं खाली उतरायचं. त्या 'हं'साठी लोक मांडवामागं येऊन उभे राहायचे.

तर हे आण्णा त्यांच्या धाकट्या मुलीला, मनीषाला घेऊन वैशालीच्या चालीला आले. म्हणजे खरं तर मनीषाच त्यांना घेऊन आली होती. ती शाळेत शिकवते, बोलायला फटकळ. पहिल्या दुपारी माझ्याशेजारी कांदे सोलत बसली आणि तिनं सगळं सांगितलं. आण्णांनी दोन वर्षं पळी हातात धरलेली नाही. गुडघे दुखतात म्हणतात. तिचं लग्न माघात ठरलंय, आणि ते म्हणतात बारामतीचा कॅटरर सांग.

"मी सांगितलंय मावशी, माझ्या लग्नात माझ्या बापाची आमटी. नसंल तर मी कोर्टात जाऊन सही करते, तितं च्यासुद्धा मिळत नाही," ती म्हणाली. "सासरची माणसं रोज विचारत्यात, जेवणाचं काय ठरलं. मी कितींदा टोलवू?"

मी आण्णांकडं बघितलं. सगळ्यांच्या पुढं, काठी न घेता, ताडताड चालले होते. या माणसाचे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा धड होते.

वाटेत एका साखर कारखान्याच्या बाजूनं जावं लागतं. हंगाम चालू होता. मळीचा वास कसा असतो ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पुण्याच्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. वैशालीनं ओढणी लावली. मी जन्मभर याच भागातली, तरी पदर घेतला. आण्णा मात्र तोंड वर करून, नाक उघडं ठेवून, देवळात चालल्यासारखे चालले होते. मला वाटलं, सवय असंल.

मग आला रविवार.

आमच्या घराण्यात रविवार देवाचा. वाड्यावर असताना सासूबाई रविवारी जे शिजेल त्याचा नैवेद्य आधी दाखवायच्या, मग बाकीच्यांनी जेवायचं. आणि नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही. चाखला की उष्टा झाला. मी नवी नवरी असताना पळी तोंडाकडं नेली, तर सासूबाईंनी मनगट धरलं आणि म्हणाल्या, "जीभ बाजूला ठिव. हात हाय, डोळं हायती, कान हायती." पुढं पुढं मला कुठल्याच वारी चाखायची गरज वाटेना. रविवारी तर प्रश्नच नाही. चालीवर असले तरी मी पानाच्या तुकड्यावर चतकोर भाकरी आणि भाजी ठेवते, भंडाऱ्याची चिमूट टाकते, मग वाढायला घेते.

त्या दिवशी ज्यांच्या रानात उतरलो होतो त्या आबांनी दोडके दिले. कोवळे, हिरवेगार, बघूनच भूक लागावी असे. दोडका, दुधी, काकडी चिरताना एक फोड तोंडात टाकून बघायची असते, एखादा कडू निघतो. इतर दिवशी मी ती फोड चालणाऱ्यांपैकी कुणाला तरी खायला देते. पण त्या दिवशी देवाचं होतं, म्हणून कुणालाच दिली नाही. शेंगदाण्याचा कूट घालून रस्सा केला, नैवेद्य दाखवला, ताटं वाढली.

त्यात एक दोडका कडू निघाला. एकच, पण त्यानं सगळं पातेलं कडू केलं. देवानं त्या दिवशी काय खाल्लं ते त्यालाच ठाऊक.

पहिला घास घेतला आणि सगळी माणसं थांबली. पुण्याची माणसं सभ्य. एका काकांनी अगदी हळू विचारलं, "मावशी, ही भाजी औषधी आहे का?" मनीषानं तर घास हातावर थुंकला. मी पातेलं ओढून घेतलं आणि म्हटलं, कुणी खाऊ नका, पोट बिघडंल, आत्ता पिठलं टाकते.

आणि त्याच वेळेला आण्णांनी ताट पुढं केलं. ताट पुसून स्वच्छ झालं होतं.

"भाजी चांगली झालीया आक्का," ते म्हणाले. "आनखी वाढा."

कुणी हसलं नाही. मनीषा त्यांच्याकडं बघत राहिली. आण्णांनी एकेकाचं तोंड बघितलं, मग पातेल्याकडं बघितलं, मग स्वतःच्या ताटाकडं. ताट खाली ठेवलं आणि उठून नदीकडं गेले.

मी पिठलं टाकलं. हात कामात होते पण डोकं नव्हतं. एवढा मोठा आचारी, कडू विखासारखी भाजी आवडीनं खातो. मळीचा वास लागत नाही. गुडघे धड आणि पळी दोन वर्षं बंद. पिठलं उतरेपर्यंत मला सगळं उलगडलं होतं.

भांडी घासायला म्हणून मी काठाला गेले. आण्णा वाळूत बसले होते. मी तव्याला राख लावायला घेतली. थोड्या वेळानं तेच बोलले. त्या साथीच्या तापात जे गेलं ते आलंच नाही, म्हणाले. ताप उतरला, खोकला गेला, ताकद आली. वास आणि चव आली नाही. डॉक्टरनं सांगितलं, येईल, थांबा. ते थांबले. लोकांना सांगता येईना, कारण आचाऱ्याला चव लागत नाही हे एकदा गावात फुटलं की संपलं. तशातच एक लग्न घेतलं. आमटीला मिठाची मूठ टाकली, सवयीनं तळहातावर थेंब घेतला, चाटला, आणि काहीच लागेना. मीठ कमी हाय असं वाटलं. आणखी टाकलं. पुन्हा चाटलं, पुन्हा काही नाही. आणखी टाकलं.

"पंगतीत माणसं पाणी पीत होती," आण्णा म्हणाले. "यजमान येका शब्दानं बोलला न्हाय. हात जोडलं त्यानं मला. शिवी दिली असती तर मी आजपतुर पळी धरली असती."

मी तवा घासत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "तुमी भाजी चाखली न्हाय व्हय?"

"आज रविवार. देवाची भाजी."

"आन् मीठ? मीठ कसं टाकलं मग?"

"हातानं."

"तसं न्हवं आक्का. बरुबर झालं का न्हाय ते कसं कळतंय?"

मी म्हटलं, रविवारीच नाही, मी कधीच चाखत नाही. सासू गेली, सवय राहिली. काल खाल्लंत, परवा खाल्लंत, कुणी मीठ मागितलं का?

त्यांनी वाळूची एक मूठ भरली आणि सोडली. मग म्हणाले, "उद्या मला दावा."

दुसऱ्या दिवशी मुक्कामाला पोहोचल्यावर आण्णा चुलीपाशी येऊन बसले. आता माझी पंचाईत. त्यांनी गावंच्या गावं जेवू घातलेली, मी पाचपंचवीस माणसं. माझी पातेली बघून म्हणाले, "ह्यात आमटी करायची का डोळ्यात घालायचं औषध?" मी म्हटलं, ह्यात जमली तर मोठ्यात जमंल, बसा.

पहिल्यांदा कान. कांदा तेलात पडला की चरचरतो. मग त्याचं पाणी सुटतं आणि आवाज खाली बसतो. पाणी आटलं, तेल सुटलं, की आवाज पुन्हा वर येतो, पण बारीक होऊन. तेव्हा लसूण. मग डोळे. आमटीला उकळी आली की आधी मोठे बुडबुडे फुटतात, पातळ असतात. डाळ मिळून आली की बुडबुडा लहान होतो आणि फुटायला वेळ लावतो. पळीतून धार सोडली की ती शेवटी तुटते का ओढली जाते ते बघायचं. आणि मीठ. मीठ हातात असतं. तीन बोटांची चिमूट एवढ्या भाजीला, अर्धी मूठ एवढ्या आमटीला. एकदा टाकायचं आणि डबी बंद करायची.

आण्णांना हे शिकवावं लागलंच नाही. कांद्याचा आवाज बदलायच्या आधी त्यांचा हात लसणाकडं जायचा. मोहरी टाकताना ते तेलाकडं बघतसुद्धा नव्हते. फक्त एक खोड जाईना. आमटी उकळली की पळी तिरकी व्हायची आणि तळहात पुढं यायचा. मी उलथन्यानं हातावर चापट मारायची. मनीषा बघत बसायची आणि म्हणायची, "मारा मावशी, आमच्या शाळेत आता मारायला परवानगी न्हाय."

तिला आता सगळं कळलं होतं. दोन वर्षं आपल्याला सांगितलं नाही म्हणून ती आधी रुसली, मग रडली, मग मार्ग सांगायला लागली. म्हणाली, आण्णा तुम्ही करा, मी चाखून सांगते.

"नवरी मुलगी मुंडावळ्या बांधून पातेल्यापाशी बसनार व्हय?" आण्णा म्हणाले. "मग आंतरपाटाच्या पलीकडं कोण, मी?"

त्या संध्याकाळी त्यांनी मीठ टाकताना मी नीट बघितलं. हात डबीत गेला, भरला, पातेल्यावर उघडला. न मोजता, न थांबता. आमटी बेताची झाली. मी त्यांना विचारलं, आण्णा, एवढी वर्षं चाखलंत, चाखून झाल्यावर कितींदा आणखी मीठ टाकलंत?

ते विचार करायला लागले.

"फार न्हाय," ते म्हणाले. "लई करून न्हाईच." मग हसले, दोन दिवसांत पहिल्यांदा. "आक्का, म्हंजे चाखणं पोरांनाच दावायला होतं की वो."

"आन् त्या लग्नात तुमी हाताचं ऐकलं न्हाय," मी म्हटलं. "जिभंचं ऐकलं."

नरसिंहपूरला शेवटचं जेवण असतं, दुपारचं. दरवेळी मी तिथं नरसिंहाचा नैवेद्य करते आणि मग सगळे संगमाच्या काठाला पंगतीनं बसतात. या खेपेला वैशालीनं ठरवलं, नैवेद्य आण्णा करतील. मला न विचारता ठरवलं, आणि बरं केलं. मी विचारात पडले असते. कारण देवळाचा नैवेद्य म्हणजे कांदा नाही, लसूण नाही. दोन दिवस ज्या आवाजांवर आण्णा चालले होते ते आवाज त्यात नाहीत. आणि चाखायचं तर कुणालाच नाही. चोरून मनीषाला थेंब द्यायचीही सोय नाही.

त्यात मनीषानं आणखी एक केलं होतं. तिचं सासर नदीपलीकडं, तासाभराच्या वाटेवर. तिनं होणाऱ्या सासूबाईंना आण्णांच्या गुडघ्यांचं आणि कॅटररचं सांगून जेवायला बोलावलं होतं, आणि आण्णांना सांगितलं नव्हतं. गावातून मोठी पातेली आणली, डाळ शिजत घातली, वांगी चिरली, लापशी भाजायला घेतली आणि जीप येऊन थांबली. विहीणबाई उतरल्या. धिप्पाड बाई, बोलणं रोखठोक.

"काय पाव्हणं," त्या लांबूनच म्हणाल्या, "लेकीच्या लग्नाला कॅटरर आन् लोकाला फुकाट जेवान?"

आण्णांच्या हातातली पळी थांबली. त्यांनी मनीषाकडं बघितलं, ती नदीकडं बघत होती.

आमटीला जिऱ्या-हिंगाची फोडणी बसली. चिंच गेली, गूळ गेला. उकळी आली. बुडबुडे आधी मोठे होते, मग लहान झाले, फुटायला वेळ लावायला लागले. आण्णांनी डब्यात हात घातला, मूठ भरली आणि पातेल्यावर उघडली. झालं.

मग त्यांची पळी आमटीत गेली आणि तिरकी झाली. तळहात पुढं आला. मी शेजारी होते, उलथनं माझ्या हातात होतं. पण मी हलले नाही. त्यांनी थेंबाकडं बघितलं, देवळाच्या शिखराकडं बघितलं, आणि पळी पुन्हा पातेल्यात सोडली.

एवढ्यावर भागलं नाही. पळी गेली तसा हात पुन्हा मिठाच्या डब्यात गेला. मूठ भरून बाहेर आली आणि पातेल्यावर जाऊन थांबली. मी आयुष्यात घोड्यावरनं पोर पडताना बघितलंय, लांडगा मेंढरात शिरताना बघितलाय. पण त्या मुठीइतकी भीती कशाची वाटली नव्हती. बोलावं असं फार वाटलं. पण मी बोलले असते तर माघातल्या मांडवात त्यांना मलाच शेजारी उभं करावं लागलं असतं.

मूठ तिथं थांबली, थांबली, आणि परत डब्यावर आली. मीठ डब्यात सांडलं. आण्णांनी झाकण लावलं आणि डबा माझ्याकडं सरकवला.

"हं," ते म्हणाले.

नैवेद्य देवळात गेला, पुजाऱ्यांनी दाखवला, घंटा वाजली. केळीची पानं मांडली. आपल्याकडची जुनी पद्धत, पानाच्या वरच्या कोपऱ्यात आधी मीठ वाढायचं, मग बाकीचं. विहीणबाई मधोमध बसल्या. सगळ्यांनी हात जोडले आणि जेवायला लागले.

मी विहीणबाईंचं तोंड बघत होते. मनीषाही तेच बघत होती. आण्णा मात्र पंगतीतनं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालले होते, मान खाली घालून, हात पाठीमागं बांधून. मला वाटलं, लोकांच्या तोंडाकडं बघायचा धीर होत नाही माणसाचा. पंगत संपवून ते माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "हाललं न्हाय."

"काय?"

"मीठ. कुणाच्या पानावरचं मीठ हाललं न्हाय."

मी बघितलं. खरंच. पानापानावर मिठाचे ढीग जसेच्या तसे होते. आमटी कमी पडली असती तर बोट तिकडं गेलंच असतं. आणि जास्त झाली असती तर? मी विचारायच्या आतच ते म्हणाले, "तांबं बी भरल्यालं हायती." पाण्याचे तांबेही त्यांनी बघितले होते. हे मला माझ्या सासूनं शिकवलेलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं. मी त्यांना चाखायच्या आधीचं दाखवलं, आणि वाढल्यानंतरचं त्यांनी मला दाखवलं. तेव्हापासून मीही ताटाकडं बघते, तोंडाकडं नाही. तोंड सभ्यपणा करतं. मनीषालाही हे मीच सांगितलं.

विहीणबाईंनी तिसऱ्यांदा आमटी मागितली आणि वाढणाऱ्याला सोडून आण्णांकडं बघून बोलल्या.

"माघात हीच आमटी लागंल बघा पाव्हणं. तवा गुडघं दुखत्यात म्हनायचं न्हाय."

"न्हाय दुखत," आण्णा म्हणाले.

माझे गुडघे मात्र आता खरंच दुखतात. वैशाली म्हणते, मावशी, तुमचं ओझं दुसऱ्याला देऊ. ओझं द्यायला माझी ना नाही, तवा मीच नेणार. वाईट एवढंच वाटतं की सुनांपैकी कुणाला ही चराची चूल शिकायची नाही. त्यांचंही खरं आहे, बटण फिरवलं की जाळ येतो त्यांच्याकडं. आणि सासूबाई हे बघायला नव्हत्या याची चुटपुट लागते. रानात, घोड्याच्या पायाशी बसून माझं मनगट धरणारी ती बाई. तिनं देवासाठी गप्प बसवलेली माझी जीभ कुठल्या कुठं कामाला आली.

माघात मी निमगावला गेले. मांडवामागं मोठमोठी पातेली, जुनी पोरं परत गोळा झालेली. आण्णांनी मूठ टाकली, झाकण लावलं आणि "हं" म्हणाले. चाखलं नाही. एका पोरानं विचारलं, आण्णा, चाखायचं राहिलं. आण्णा म्हणाले, "आता लागत न्हाय." पोरांना वाटलं हात एवढा बसला. ते काही खोटं नव्हतं.

मग पंगती उठल्या, बसल्या. प्रत्येक पंगतीत आण्णा हात पाठीमागं बांधून, मान खाली घालून फिरत होते. लोकांना वाटत होतं, यजमान नम्र आहे. शेवटी नवरा-नवरीची पंगत बसली. आण्णा फिरत फिरत मनीषाच्या पानापाशी आले आणि जागच्या जागी थांबले. बाकी सगळ्यांच्या पानावर मीठ होतं. तिच्या पानाचा कोपरा रिकामा होता, स्वच्छ पुसलेला. मी समोरच्या ओळीत होते, मला आण्णांचं तोंड दिसलं. दोन वर्षांपूर्वीचा तो मांडव त्यांच्या डोळ्यांपुढं उभा राहिला असणार.

मनीषानं मुंडावळ्या बाजूला सारल्या, हसत वर बघितलं आणि डावा हात पुढं करून मूठ उघडली. मीठ मुठीत होतं.

आण्णा एक क्षण तिच्या हाताकडं बघत राहिले.

"मीठ वाढा रं नवरीला," ते वाढप्याला म्हणाले, आणि पुढच्या पानाकडं बघायला लागले.